सेइर्यूच्या नावाने नाशिकचाच काळा पाषाण: १९,६०० रुपयांची फसवणूक

इवागुमी, म्हणजे मत्स्यालयातली दगडांची जपानी मांडणी, लावायला निघालेल्या नाशिककरांनो, पैसे देण्याआधी हे वाचा. 'सेइर्यू' (पांढऱ्या शिरांचा राखाडी जपानी चुनखडक) म्हणून १८ किलो दगड ४५० रुपये किलोने गळ्यात मारले: ८,१०० रुपये. सॉइलच्या (पाणवनस्पतींसाठी टाकीच्या तळाशी घालायच्या खास दाणेदार मातीच्या) दोन बॅगा ६,४००, मांडणीची फी ३,०००, आणि त्या पाण्यात वितळलेल्या क्यूबाच्या (तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या इवल्या पाणवनस्पतीच्या) सहा कपांचे २,१००. एकूण १९,६००. दगड निघाला काळा पाषाण, पांडवलेणी ज्यात कोरली आहेत तोच! वरून राखाडी रंगाचा हात आणि पांढऱ्या सिमेंटच्या रेघा.

विकणाऱ्याने समोर व्हिनेगर टाकून दाखवलं, फेस आला. पण थेंब पडला तो रेघेवर. दगडाच्या अंगावर एकही नाही. संताप होतो तो याच क्षणाचा. फेस सिमेंटलाही येतो. खऱ्या सेइर्यूचं अख्खं अंग चुनखडकाचं, कुठेही टाका, बुडबुडे दिसतात. वर छातीठोकपणे म्हणतो, "याने पाणी अजिबात हार्ड होत नाही." सेइर्यू केएच (पाण्यातला कार्बोनेटचा कठीणपणा) आणि जीएच (एकूण कठीणपणा) दोन्ही वाढवतो. तिथेच त्याला धरायला हवं होतं. पण दगड ओले, डोळ्यांसमोर फेस, आणि मांडणी अगदी नियमात: पाच दगड, ३६ सेंमी उंच टाकीत २४ सेंमीचा ओयाइशी (मुख्य, सर्वांत मोठा दगड), तोही मधोमध नाही तर एक तृतीयांशावर, बाकीचे त्याच दिशेला झुकलेले. इवागुमी जगभर नेणाऱ्या जपानी ताकाशी अमानोंच्या मांडण्या तोंडपाठ असलेल्या माणसावर कोण संशय घेईल?

दगड उलटा करून बघा. कॅल्साइटची शीर आत शिरते, कडेवरून वळून मागे निघते. इथे तळ कोरा होता. खिळ्याने खरवडा: चुनखडकावर ओरखडा उठतो, काळ्या पाषाणावर उलट खिळ्याचीच चंदेरी रेघ उमटते. चीनमधून सेइर्यू म्हणून येणारा दगड एकवेळ चालतो, तोही चुनखडकच असतो.

टाकीत पीएच ८.४ च्या खाली उतरेना. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चालू असून ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी, निळाच (म्हणजे सीओटू कमी), कारण ताज्या सिमेंटमधला चुना तो गिळत होता. आणि सॉइल? चिमटीत धरताच चिखल. पेलाभर नळाच्या पाण्यात मूठभर सॉइल टाका, दुसऱ्या दिवशी केएच मोजा. उतरला नाही तर ती नुसती माती आहे.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "दगड मिळाले ना? मग फसवणूक कसली?" सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं, दिवाणी बाब आहे. तक्रार खिडकीवर पक्कं बिल मागतात. रंगवलेले दगड विकणारा पक्कं बिल देईल का? एका साहेबांनी तर "दगड तो दगड, त्यात खरा-खोटा काय?" असं ऐकवलं. पितळेला मुलामा देऊन सोनं म्हणून विकलं तर गुन्हा नोंदवता ना? मग हे काय आहे? दोन ठिकाणी तर अर्ज वाचायचीही तसदी घेतली नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चॅट पुसू नका, यूपीआयची नोंद काढून ठेवा. एक दगड फोडून त्याचा व्हिडिओ घ्या: आत काळा, वर सिमेंटचा पापुद्रा. आणि "बदलून देतो, जुने परत करा" असा फोन आला, तर एकही दगड हातचा सोडू नका.