डेडवूडला दोन रात्री

आईबाबांना घेऊन माउंट रशमोरला गेलो होतो, तेव्हा दोन रात्री अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या डेडवूडला काढल्या. तिथे मुक्काम करावा का, असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाव देखणं आहे. १८७६ साली सोन्यापायी वसलेलं, १९६१ पासून अख्खं गावच राष्ट्रीय वारसास्थळ. विटांच्या जुन्या इमारती, टेकडीवर वाइल्ड बिल हिकॉक या जुन्या काळच्या नामांकित बंदूकबाजाची कबर असलेलं माउंट मोरिया कब्रस्तान, सगळं निगुतीनं राखलंय. हे जुगाराच्या पैशावर झालं. १९८७ च्या आगीत मुख्य रस्त्यावरची मोठी इमारत गेली, पडझड थांबवायला गावाकडे पैसा नव्हता. राज्यात मतदान होऊन १ नोव्हेंबर १९८९ ला जुगार सुरू झाला. त्यावर ९ टक्के कर आहे आणि त्यातला मोठा वाटा जतनासाठी येतो.

हॉटेलची खोली स्वच्छ, गाद्या उत्तम, पार्किंग सोपं. पण नाश्त्याला जायचं तरी जुगाराच्या मशीनच्या रांगांमधून जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आईच्या स्वेटरचं बटण तुटलं. सुईदोरा हवा होता. मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला. स्लॉट मशीन, बार, टी-शर्टं, परत स्लॉट मशीन. शेवटी रिसेप्शनवरच्या बाईंनी स्वतःच्या पर्समधून सुईदोरा काढून दिला. किराणासुद्धा त्या गावाबाहेरून आणतात. लहानपणी याच रस्त्यावर त्यांना शाळेचे बूट घेतले होते, म्हणाल्या. ते दुकान कुठे होतं, असं आईनं विचारलं तर त्यांनी समोरच्या जुगाराच्या हॉलकडे बोट दाखवलं.

जुगार आल्यावर रोजच्या गरजेची दुकानं भराभर गेली. मशीन जेवढं भाडं देतं तेवढं बुटांचं दुकान कुठून देणार? २०२० च्या जनगणनेत गावात ११५६ माणसं होती. दुरुस्त झालेली प्रत्येक खिडकी हिशेबात दिसते, पण ते बुटांचं दुकान कुठल्याच खात्यात दिसत नाही. मला हे फार लागलं.

शिवाय एकदा गावाचा खर्च यावर चालायला लागला की मागं फिरता येत नाही. सुरुवातीला एका डावाची मर्यादा ५ डॉलर होती. २००० साली १०० झाली, २०१२ ला १०००. मग रूलेट, म्हणजे फिरत्या चाकावरचा जुगार आला, २०२१ ला खेळांवरची बेटिंग आली. आणि कर भरला जातो तो हरलेल्यांच्या पैशातूनच.

बाबांना पहाटे लवकर जाग येते. पाचला खाली चक्कर मारून आले. रात्री आम्ही जेवत असताना समोर एका मशीनपुढे बसलेला निळ्या टोपीचा माणूस अजून त्याच मशीनपुढे होता. त्याचं जुगारघराचं सभासद कार्ड मशीनमध्ये आणि कार्डाची पिळाची दोरी त्याच्या शर्टाच्या बटणाला अडकवलेली. बाबा एवढंच सांगून गप्प बसले, चहाही घेतला नाही त्यांनी.

तेव्हा माझं मत असं : डेडवूड दिवसा जरूर बघा. कब्रस्तानाला सकाळी जा, चढ आहे, वयस्कर माणसं असतील तर गाडी वरपर्यंत न्या. मुक्काम मात्र रॅपिड सिटीला करा, तासाभराच्या आतलं अंतर आहे. मुलं बरोबर असतील तर नक्कीच.