रीफ बाऊल घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

तीन आठवडे पाण्याच्या खारेपणाच्या मीटरवर समुद्रासारखं १.०२५ च दिसत होतं आणि त्याच तीन आठवड्यांत माझ्या बाऊलमधलं एकेक मरत गेलं. हे आधीच सांगून टाकते कारण सगळी फसवणूक या एका आकड्याच्या आड झाली, आणि ती माझ्या लक्षात येईपर्यंत मला बाऊलचं किट विकणाऱ्या त्या माणसाने आणखी किती जणांना टोपी घातली असेल देव जाणे.

मोठा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक ठेवायला माझ्याकडे जागा नाही आणि खरं सांगायचं तर तेवढी हिंमतही नाही, पण काचेच्या बाऊलमध्ये इवलंसं रीफ, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांची बाग, करतात हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. आणि हा प्रकार काही थोतांड नाहीये बरं का. आठ-दहा लिटरचा बाऊल, वर झाकण, आत एक हवेची नळी, छोटा हीटर, वरून एलईडी, एक-दोन लाइव्ह रॉक (उपयोगी बॅक्टेरिया बसलेले समुद्री दगड), झोआ आणि मशरूमसारखी चिवट कोरल्स (प्रवाळ), दर आठवड्याला पाणी बदलायचं, आणि मासा अजिबात नाही. लोकं असे बाऊल वर्षानुवर्षं चालवतात. फक्त पाणी कमी असल्यामुळे चुकीला जागा नसते, आणि फसवणाऱ्याचं नेमकं तिथेच फावतं, कारण काहीही मेलं की "बाऊल छोटा आहे ना मॅडम, तुमचंच काहीतरी चुकलं असणार" असं म्हणायला तो मोकळा.

हा माणूस मला ऑनलाइन सापडला. फोटो असे की डोळे दिपावेत, हिरवी-केशरी झोआ नुसती पेटल्यासारखी. आता कळतं की ते फोटो पूर्ण निळ्या लाइटखाली काढलेले होते, त्या लाइटमध्ये कोरलचे रंग चमकतात आणि तेच कोरल पांढऱ्या उजेडात आणलं की तपकिरी-मळकट निघतं. यात खोटं असं काही नाही, सगळेच तसे फोटो काढतात, पण पांढऱ्या उजेडातला एक फोटो मागितला तर प्रामाणिक विकणारा देतो. मी मागितला तेव्हा "मॅडम, आता लाइट टायमरवर आहे" असं उत्तर आलं. दोन वेळा. तेव्हाच कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

त्याचं "कम्प्लीट किट" होतं. बाऊल, हीटर, लाइट, कॅनमध्ये तयार खारं पाणी, जांभळ्या लाइव्ह रॉकचे तीन तुकडे आणि त्यातल्या एकावर झोआ आधीच चिकटवलेली, एक मशरूम, एक गोगलगाय, एक हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा), बॅक्टेरियाची बाटली, पीएच आणि केएचच्या (केएच म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) टेस्ट पट्ट्या, एक रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे ते खारेपणाचं मीटर आणि पुढच्या पाणी बदलांसाठी "रीफ सॉल्ट"च्या साध्या पारदर्शक पिशव्या. पिशवीवर ना कंपनीचं नाव, ना लॉट नंबर. विचारलं तर म्हणे मोठ्या बादलीतून काढून देतो, तुम्हाला स्वस्त पडतं. मला पटलं. आपल्या फायद्याचं कुणी बोललं की पटतंच.

त्याला मासाही गळ्यात मारायचा होता, क्लाउनफिशची जोडी "बाऊलमध्ये आरामात राहते" म्हणाला. तेवढ्याला मात्र मी नाही म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट ही एकच.

पहिला दिवस काय सुंदर होता. त्याने व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून सगळं करून घेतलं, दगड कसे ठेवायचे, पाणी कसं हळू ओतायचं, नळी सरकत होती म्हणून मी झाकणाला हिरव्या टेपचा तुकडा लावला. मग त्याने रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकायला लावले, डोळ्याला लावून बघितलं, १.०२५. "बघा मॅडम, समुद्र!" संध्याकाळपर्यंत झोआ पूर्ण उघडली, मी खुशीत त्याला फोटो पाठवले. त्याने लगेच विचारलं, सगळं जिवंत पोचलं ना? मी हो म्हटलं, अंगठा पाठवला. पोचताना काही मेलेलं असेल तर दोन तासांत कळवायचं ही त्याची गॅरंटी, म्हणजे त्या अंगठ्याबरोबर गॅरंटी संपली.

आठव्या दिवशी मी त्याच्या पिशवीतल्या मिठाचं पाणी करून अर्धं पाणी बदललं. आरओडीआय (सगळे क्षार काढलेलं शुद्ध) पाणी, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, रात्रभर हवेच्या नळीने ढवळलं, तापमान जुळवलं, मीटर लावलं, १.०२५. दुसऱ्या दिवशी झोआ बंद. मला वाटलं नाराज असतील, होतात म्हणे. तीन दिवसांनी अर्धीच उघडली, मशरूम आकसून बटणाएवढं झालं आणि तोंडातून तपकिरी चिकट दोरे टाकायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "पाणी खराब झालंय मॅडम, अजून अर्धं बदला." म्हणून बदललं. गोगलगाय काच सोडून खाली पडली, उलटी पडली की सुलटी व्हायचीच नाही, मी चिमट्याने सरळ करायचे आणि ती परत पडायची. परत फोन, परत तेच उत्तर, परत बदललं. आणि दर वेळी मीटर १.०२५, पट्टीवर पीएच ठीक, केएच ठीक. रीफच्या छंदात पहिला धडा हाच असतो ना की शंका आली की पाणी बदला. मी अगदी मनापासून पाणी बदलत होते आणि दर बदलाला त्यांचा गळा आवळत होते.

मग गोगलगाय मेली, आणि मला कळायच्या आत एका रात्रीत बाऊल दुधाळ झाला. झाकण उचललं तर सडक्या अंड्याचा वास. एवढ्याशा पाण्यात एक मेलेली गोगलगाय पुरते, पण दगड खरंच लाइव्ह असते तर त्यातल्या बॅक्टेरियांनी थोडा तरी अमोनिया खाल्ला असता. दोन दिवसांत झोआ वितळली आणि क्रॅब शंखातून बाहेर येऊन पडला.

आता पुढचं नीट वाचा कारण इथे पैशाच्याही पलीकडचं काहीतरी गेलं असतं. तो म्हणाला, "हरकत नाही, दगड उकळून घ्या, जंतू मरतील, मी नवीन कोरल पाठवतो." मी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस लावला आणि दगड आत सोडण्याआधी सहज म्हणून एका ओळखीच्या काकांना फोन केला, त्यांचा मरीन टँक कैक वर्षांचा आहे. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते ओरडले, "अगं बाई, आधी गॅस बंद कर!" झोआ आणि त्यांच्या जातभाई पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, प्रचंड जहाल, आणि ते उकळून नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर फुप्फुसात जातं. असे दगड उकळल्यामुळे अख्खं घर हॉस्पिटलात भरती झाल्याच्या घटना आहेत. दगडावर मेलेली का होईना झोआ असेल तर उकळायचं नाही, हातमोजे आणि चष्म्याशिवाय घासायचं नाही, हे काका मला फोनवर तीन वेळा म्हणाले. त्या विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं की माहीत असून फिकीर नव्हती, मला आजही ठरवता येत नाही.

काका दुसऱ्या दिवशी आपलं टेस्ट किट घेऊन आले. बाऊलकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही, म्हणाले मीठ दाखव. पिशवी हातात घेऊन नुसती हलवली. मीठ खळखळ मोकळं. महिनाभर तोंडाला नुसतं रबर लावून पडलेली पिशवी. म्हणाले, खऱ्या रीफ सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, एवढे दिवस नीट बंद केलं नाही तर ढेकळं होतात. मग ताज्या आरओडीआयमध्ये थोडं मीठ विरघळवलं आणि कॅल्शियमची टेस्ट लावली. त्यांच्या किटमध्ये पाणी आधी गुलाबी होतं आणि मग थेंब थेंब टाकत निळं होईपर्यंत मोजायचं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर असतं, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. आमच्या नळीतलं पाणी गुलाबी झालंच नाही, पहिल्यापासून निळं. म्हणजे कॅल्शियम जवळजवळ शून्य. मला चुना लावला होता पण मिठात चुन्याचा पत्ता नाही! ते साधं मीठ होतं, केएच बरोबर दिसावा म्हणून बहुतेक थोडा सोडा घातलेला.

आणि मीटरचं काय? मीटर खरंच बोलत होतं. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यातून प्रकाश किती वाकतो एवढंच बघतो, पाण्यात काहीतरी विरघळलंय आणि साधारण किती ते सांगतो, काय विरघळलंय ते त्याला कळत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळूनच ८५ टक्के भरतात, त्यामुळे नुसत्या साध्या मिठानेही १.०२५ आरामात येतं. पण उरलेलं जे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, त्याच्यावाचून हे जीव जगत नाहीत. पहिलं तयार पाणी खरं होतं, म्हणून पहिला आठवडा छान गेला. पहिल्या बदलात ते सगळं निम्मं झालं, दुसऱ्यात पाव, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं. डोकं बघा माणसाचं, मरायचं ते गॅरंटी संपल्यावर मरणार, आणि ते पण गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने पाणी बदलल्यावर. त्याने किटमध्ये दिलेल्या पट्ट्याही नेमक्या त्याच, ज्यांत काही पकडलं जाणार नाही.

दगडांची गंमत तर नंतर कळली. ते मी रागाने बाल्कनीत कोरड्या बादलीत टाकून दिले होते. खऱ्या लाइव्ह रॉकवरचा जांभळा थर म्हणजे कोरलाइन शेवाळ, ते पाण्याबाहेर मेलं की पांढरं पडत जातं. हे दगड महिना झाला तरी जांभळेच, खालून, वरून, भेगांतसुद्धा एकसारखे जांभळे. मोजे-चष्मा घालून एक फोडला तर आत राखाडी भरीव सिमेंट, छिद्र औषधाला नाही. रंगवलेले कोरडे दगड विकणं हा गुन्हा नाही, कित्येक जण तसं स्पष्ट सांगून विकतात आणि त्यावरही हळूहळू बॅक्टेरिया बसतात. पण लाइव्ह म्हणून विकले की तुम्ही अमोनियाची सायकल न करताच, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया आधी न बसवताच, जीव आत सोडता. बॅक्टेरियाच्या बाटलीवरची तारीख खरवडलेली होती हे पण तेव्हाच बघितलं. आधी का नाही बघितलं, विचारू नका.

त्याला सगळं लिहून पाठवलं, टेस्टचा व्हिडिओ पण. आधी म्हणाला तुमचं टेस्ट किट एक्स्पायर झालं असेल. मग म्हणाला मॅडम सॉल्ट नीट ढवळलं नसेल. मग ब्लॉक. पैसे थेट ट्रान्सफर केले होते, पावती नाही, त्यामुळे माझ्या हातात चॅट सोडून काही नाही, ते जोडून तक्रार केलीये, बघू. तुम्ही घेत असाल तर बाऊल घ्यायच्याही आधी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अमोनियाचं टेस्ट किट घ्या, आणि ते विकणाऱ्याकडून नको, दुसरीकडून. मीठ फक्त सीलबंद, कंपनीच्या पॅकमधलं, आणि नवीन पॅकचं पाणी एकदा टेस्ट केल्याशिवाय बाऊलमध्ये टाकू नका. फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) घेताना बूड बघा, कोरल प्लगवर (खालच्या छोट्या बैठकीवर) पसरून चिकटलेलं असेल तर ते तिथे रुजलंय, आणि नुसता ग्लूचा गोळा दिसला तर कालच कापलेलं आहे. आणि सगळं जिवंत पोचलं ना म्हणून विचारलं तर लगेच अंगठा पाठवू नका.

माझा तोच बाऊल आता परत चालू आहे. काकांच्या टँकमधला एक खरा ओबडधोबड दगड, त्यावर नुसतं बघत बसून काढलेले पाच आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर एक मशरूम आणि थोडी ग्रीन स्टार पॉलिप, हेही एक कोरलच. झोआ परत घ्यायची हिंमत अजून झाली नाही.

परवा त्याची नवीन जाहिरात दिसली, नाव वेगळं, नंबर वेगळा. खाली फोटो, "ग्राहकाचा बाऊल, आठ महिने पूर्ण, एकही लॉस नाही". झोआ छान उघडलेली, आणि झाकणाच्या कडेला हिरव्या टेपचा तुकडा. माझा पहिल्या संध्याकाळचा फोटो. मी बहिणीच्या नंबरवरून मेसेज केला, सॉल्ट कुठलं वापरता? मिनिटभरात व्हिडिओ आला, रिफ्रॅक्टोमीटरच्या आतलं दृश्य, वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेघ बरोबर १.०२५ वर.