हेडलाइट घासायचं किट: पेपर झकास, पुडी नावापुरती

निकाल आधीच सांगते. या किटमधले पेपर झकास आहेत, पॅड चांगलं आहे, कंपाउंड म्हणजे चकाकी आणायची पेस्ट बरी आहे. आणि ज्या एका वस्तूवर ही सगळी मेहनत टिकायची, ती कोटिंगची पुडी अगदीच नावापुरती आहे. पेपरसाठी घ्यायला हरकत नाही. पुडीच्या भरवशावर घेत असाल तर थांबा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असली किट ढीगभर मिळतात आणि बहुतेकांच्या आत सामान जवळपास हेच असतं, फक्त खोक्यावरचा फोटो बदलतो.

माझं काम फर्निचर पॉलिशचं. पेपर, सीलर, लॅकर, पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) यांच्यातच दिवस जातो, त्यामुळे पिवळे पडलेले हेडलाइट मी पॉलिशवालीच्या नजरेने बघितले. आमच्याकडे नवीन आलेला पोरगाही आठवड्याभरात घासायला शिकतो. काम टिकतं ते वरच्या कोटावर. हेडलाइटचंही तेच आहे, पण किट विकणारे मात्र घासण्याचंच कौतुक सांगत बसतात, कारण आधी आणि नंतरचा फोटो घासण्याने चांगला येतो.

खोक्यात काय आहे? ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे गोल पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), ड्रिलला लावायचं मऊ पॅड, कंपाउंडची छोटी ट्यूब, एक कापड, हातमोजे, मास्किंग टेप, आणि चंदेरी कागदाच्या दोन पुड्या. प्रत्येक पुडीत कोटिंगमध्ये भिजवलेलं एक फडकं. एका दिव्याला एक.

आधी हे पिवळेपण काय असतं ते बघू, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. पूर्वी हेडलाइटला खरी काच असायची. १९८० च्या दशकापासून तिची जागा पॉलिकार्बोनेट घेऊ लागलं. हे प्लॅस्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायरच्या आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रसायनशास्त्रज्ञांना वेगवेगळं गवसलं होतं. दगड लागला तरी सहसा फुटत नाही, वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आणि हवा तसा आकार देता येतो. दोष दोनच. एक, ते मऊ आहे, लगेच चरे पडतात. दोन, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याची रचना बिघडते आणि ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. तो थर केसाहूनही बारीक असतो. ऊन, धूळ, वाळू आणि तिखट साबण यांनी काही वर्षांत तो झिजतो, कुठे उरतो, कुठे निघतो, आणि उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकवर धुकं चढतं. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर उन्हाकडचा दिवा आधी जातो.

म्हणजे आपण पेपरने घासतो तेव्हा पिवळा थर जातो आणि त्याच्याबरोबर संरक्षणाचं जे काही उरलंसुरलं असतं तेही जातं. घासून चकचकीत केलेला दिवा उन्हासमोर उघडा असतो. त्याला लगेच दुसरा कोट मिळाला नाही तर तो पुन्हा पिवळा होणार, आणि पहिल्यापेक्षा लवकर होणार.

आता घासणं. इथे किटला पूर्ण मार्क. पेपरचे दाणे एकसारखे आहेत, पाण्यात भिजल्यावर पाठीमागची पकड सुटत नाही, आणि ३००० च्या मागे जो फोम आहे तो दिव्याच्या गोलाईवर नीट बसतो. बादलीत पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाका आणि पेपर सतत ओला ठेवा. ८०० लावला की सुरुवातीला पिवळट, चिकट दूध निघतं. तो जुना कोट. ते दूध पांढरं होईपर्यंत ८०० सोडायचा नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो, पार पांढरा आणि आंधळा. दिसू दे. सगळीकडे सारखा पांढरा झाला पाहिजे. मध्येच कुठे चमकणारं बेट उरलं असेल तर तिथे जुना कोट अजून चिकटलेला आहे, आणि पुढच्या कुठल्याच नंबरने ते बेट जाणार नाही. शेवटी नकाशासारखी कडा दिसत राहील.

त्यापुढच्या प्रत्येक पेपरचं काम एकच, आधीच्या पेपरचे चरे काढणं. म्हणून दिशा बदलायची. ८०० आडवा फिरवला असेल तर १५०० उभा. उभ्या चऱ्यांत एखादा आडवा चरा दिसला की लगेच कळतं, काम अर्धं राहिलंय. नंबर बदलताना दिवा, पॅड, हात आणि बादलीतलं पाणी, सगळं स्वच्छ. ८०० चा एक दाणा २००० च्या खाली अडकला की जो चरा पडतो तो काढायला पुन्हा मागे यावं लागतं.

ड्रिल वापरायचं तर कमी वेगावर, आणि एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि कोरडं पॅड जोरात फिरलं तर कडेला तेवढी उष्णता सहज तयार होते. कोपरे आणि कडा हातानेच करा. मी तर सगळंच हाताने केलं. मशीनचा आवाज आला की हाताला काही कळत नाही.

किटच्या तक्रारी इथून सुरू होतात. टेप अरुंद आहे आणि ओली झाली की सुटते. दिव्याभोवतीचा रंग ८०० च्या पेपरने क्षणात जातो, तेव्हा स्वतःची चांगली रुंद टेप आणा आणि बॉनेटच्या कडेला दुहेरी लावा. ८०० चे पेपर एका दिव्याला एक या हिशेबाने दिलेत. खूप जुना दिवा असेल तर अर्ध्यातच तो पेपर गुळगुळीत होतो. माझ्याकडे वॉटर पेपर पडलेलेच असतात म्हणून निभावलं. आणि सूचनांचा कागद तर विनोदीच आहे. अर्ध्या तासात नव्यासारखे दिवे, असं त्यावर लिहिलंय. अर्धा तास एका दिव्याचा ८०० खातो.

याच कागदावर एक गोष्ट लिहायला हवी होती आणि नाही: कोटिंगच्या आधी पृष्ठभाग कशाने पुसायचा. कंपाउंडमध्ये तेलकट अंश असतो, तो राहिला तर कुठलाही कोट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. ॲसिटोन किंवा थिनर चुकूनही नको. आमच्या वर्कशॉपमध्ये थिनर पाण्यासारखा वापरला जातो, पण पॉलिकार्बोनेटवर त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या आतपर्यंत जातात. मग पेपरही काही करू शकत नाही.

हे सगळं चालू असताना आमचे धाकटे भावोजी शेजारी उभे. "वहिनी, एवढा खटाटोप कशाला? टूथपेस्ट लावा, मी लावलीय." लावलीय हे खरं, आणि त्यांचे दिवे तेव्हा उजळलेही होते. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते, तीच इथे हलकं पॉलिश करते. वरवरचं धुकं जातं. पण कोट शून्य. "मग आता पुन्हा पिवळे का झालेत, भावोजी?" यावर ते चहा करायला आत गेले. टूथपेस्टपेक्षा वाईट उपाय म्हणजे डास पळवायचा स्प्रे. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं, म्हणून क्षणभर सगळं स्वच्छ दिसतं. तोच ओघळ रंगावर गेला तर रंगही बिघडवतो. आणि कपातल्या गरम द्रावणाची वाफ दिव्यावर सोडायची जी युक्ती हल्ली दाखवतात, तीही द्रावकाने प्लॅस्टिक वितळवण्याचाच प्रकार आहे. चकाकी खरंच डोळे दिपवणारी येते. ती वाफ मात्र छातीत जाऊ द्यायच्या लायकीची नसते, आणि प्लॅस्टिकमध्ये ताण असेल तर नंतर भेगा येतात. मी ते घरात करणार नाही.

आता पुडी. डाव्या दिव्याला मी किटमधलंच कोटिंग लावलं, उजव्याला माझ्या पद्धतीने. तुलना केल्याशिवाय खरं कळत नाही.

पुडी फाडली की फडकं बाहेर येतं. एकाच दिशेने, न थांबता, एका पट्ट्याला दुसरा पट्टा किंचित चढवत पुसायचं. दुसऱ्यांदा त्याच जागी गेलात तर ओघळ आणि रेघा उठतात, कारण ते पटकन धरतं. लावायला सोपं आहे, हे कबूल. मोठ्या दिव्याला मात्र शेवटच्या कडेपर्यंत फडकं ओलं राहत नाही, आणि थर इतका पातळ बसतो की नखाने तपासावासाही वाटत नाही. दिसायला अप्रतिम. पहिल्या दिवशी डावा दिवा उजव्यापेक्षा सरस होता, हे लिहायला हवं.

उजव्याला मी गाड्यांसाठी मिळणारा टू-के क्लिअर कोट मारला, कॅनमधला. टू-के म्हणजे दोन भागांचा: यात हार्डनर, म्हणजे कोट कडक करणारं रसायन, वेगळ्या छोट्या डबीत असतो. कॅनच्या बुडाची पिन दाबली की तो आत मिसळतो, आणि मग ते कॅन ठेवून देता येत नाही, ठरलेल्या मुदतीत वापरून टाकावं लागतं. फर्निचरचं पीयू घरात पडलंय म्हणून तेच मारू, असं कोणी करू नका. घरातल्या फर्निचरसाठी येणारं बरंचसं पीयू ॲरोमॅटिक जातीचं असतं, ते उन्हात स्वतःच पिवळं पडतं. गाडीच्या क्लिअरमध्ये ॲलिफॅटिक हार्डनर असतो, तो उन्हात टिकतो.

यात एक मोठी सोय आहे. स्प्रे मारायचा असेल तर ३००० पर्यंत जायची आणि कंपाउंड लावायची गरजच नाही. १००० नंबरवर थांबायचं, तो पेपर किटमध्ये नाही. बारीक चरे क्लिअर स्वतः भरून काढतो आणि खडबडीत पृष्ठभाग त्याला पकडही देतो. कसा दिसेल ते आधी बघायचं असेल तर दिव्यावर पाणी ओता. ओला असताना जेवढा स्वच्छ दिसतो, साधारण तेवढाच कोटानंतर दिसणार. पहिला हात अगदी धुक्यासारखा हलका मारायचा, कारण भरपूर ओला मारला तर त्यातल्या द्रावकाने प्लॅस्टिक दुखावतं. तो जरा चिकट झाला की मग दोन भरीव हात. सावलीत, धूळ नसलेल्या जागी, आणि गाडी दिव्याभोवती मीटरभर तरी झाकून, कारण फवारा लांब उडतो.

धोकाही सांगते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फुप्फुसांना त्यांची ॲलर्जी एकदा लागली की दमा कायमचा मागे लागू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. रसायनांच्या वाफेसाठी असलेला कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा, दोन्ही हवं. हे जमणार नसेल तर उन्हात कडक होणारं यूव्ही कोटिंग वेगळं विकत घ्या. सावलीत लावायचं आणि मग गाडी उन्हात काढायची. पारदर्शक फिल्मही चालते. मेण मात्र संरक्षण म्हणून मोजू नका, ते काही धुण्यांत निघून जातं.

रात्री फरक पडला का? पडला, आणि चांगलाच. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये जुने दिवे तपासले, तेव्हा खराब झालेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या वीस टक्क्यांवर आलेला आढळला, आणि घासून कोट केल्यावर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास परतला. नव्यासारखा नव्हे. त्याच तपासणीत घासलेल्या दिव्यांचा झगमगाटही नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा आढळला. घाईत उरलेले चरे उजेड पसरवतात आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, असं मला वाटतं. म्हणून चरे काढायचा आळस फक्त दिसण्यापुरता महागात पडत नाही.

ज्यांनी हे किट घेऊच नये असे लोकही आहेत. पाणी ओतून बघायची युक्ती इथेही वापरा: ओला करूनही दिवा स्वच्छ दिसत नसेल तर धुकं आतल्या बाजूला आहे. दिव्यात थेंब जमत असतील तर सील किंवा हवा खेळायचं भोक तपासायला हवं. प्लॅस्टिकच्या आत भेगा असतील किंवा दिव्याच्या आतला, बल्बमागचा आरसा काळवंडला असेल तर दिवा बदलणं हाच उपाय.

आता सध्याची स्थिती. एक कडक उन्हाळा गेल्यावर डाव्या दिव्याच्या वरच्या कडेला, जिथे ऊन थेट पडतं, पुसट दुधी पट्टा दिसायला लागलाय. उजवा अजून तसाच आहे. फक्त एका ठिकाणी क्लिअरमध्ये धुळीचा कण अडकलाय, तो मला दिसतो, बाकी कोणाला नाही. पाचपैकी तीन तारे देते, त्यातले अडीच पेपरचे.

डावा लवकरच पुन्हा घेणार. ८०० लागणार नाही, १००० नेच पुडीचा उरलेला थर निघेल, मग त्यालाही टू-के. उरलेली दुसरी पुडी कोणाला तरी द्यावी म्हणून उघडून बघितली तर आतलं फडकं सुकून पापडासारखं कडक झालेलं. किट विकत घेताना जमलं तर पुडी बोटांनी दाबून बघा. आत ओलं आणि मऊ लागलं नाही तर दुसरं खोकं मागा.