आधी फोटो, मग पोटोबा : शिवभोजन थाळीचा हिशेब

30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅमची एक मूद भात आणि 100 ग्रॅम वरण. राज्य शासनाने शिवभोजन थाळी इतकी नेमकी ठरवून दिली आहे. बेरीज 410 ग्रॅम, किंमत 10 रुपये. तरी या थाळीवर चर्चा निघाली की ताटात काय पडलं हे कुणी विचारत नाही, ताट कुणी उचललं यावरच सगळं घसरतं. म्हणून आधी ताटाकडे बघू.

घरची पोळी साधारण 40-45 ग्रॅमची असते. 30 ग्रॅमची चपाती म्हणजे दीड-दोन घासांचं काम. भाताची मूद मात्र ठीक असते, पोट भरायची जबाबदारी तिच्यावरच आहे. सगळं मापात वाढलं तर थाळी साधारण 500-550 कॅलरीची होते. जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या कोष्टकात 3,470 कॅलरी आहे. म्हणजे हमालाच्या दिवसाचा जेमतेम सहावा हिस्सा. दवाखान्यात बिलिंगच्या रांगेत बसून असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचं दुपारचं भागतं, पोती उचलणाऱ्याचं भागत नाही. तो बाहेर येऊन वडापाव खातोच.

चवीचं गणित घड्याळाशी बांधलेलं आहे. भात साडेदहा-अकराला शिजून डब्यात दाबून ठेवलेला असतो. बाराला तो मोकळा असतो, दीडला गोळा. वरणाचं उलट, ते उशिरा पातळ होत जातं, कारण ताटातली सगळ्यात महाग जिन्नस तूरडाळ आणि रांग लांबली की तिच्यातच पाणी चढतं. मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीचा दिवस सगळ्यात चांगला. दुधी-कोबीच्या दिवशी 100 ग्रॅममध्ये निम्मं पाणी असतं. काकडीच्या दोन चकत्या किंवा लोणचं मिळालं तर तो थाळी शिजवून वाढणाऱ्या केंद्रचालकाचा मोठेपणा, योजनेत ते नाही.

योजना 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दुपारचं एकच जेवण, मूळ वेळ 12 ते 2. रात्री काही नाही. सिव्हिल हॉस्पिटल, एसटी स्टँड, मार्केट यार्ड, कोर्ट-कचेरी अशा जागा धरून केंद्रं दिली, हे अगदी बरोबर केलं. दवाखान्यात रुग्णाला जेवण मिळतं, सोबत आलेल्याला नाही, आणि तो चार-पाच दिवस तिथेच अडकलेला असतो. ज्या नाका कामगाराला सकाळी काम लागलं नाही, त्याच्याही ही थाळी उपयोगाची. ज्याला काम लागलं तो 12 ते 2 मध्ये साइट सोडून येऊ शकत नाही.

आता रांगेबद्दल. इथे ना उत्पन्नाचा दाखला लागतो, ना रेशनकार्ड. आधार सक्तीचं होणार अशी सुरुवातीला चर्चा झाली, पण तसं काही नाही असा खुलासा झाला. मनाई आहे ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि त्या भोजनालयात काम करणाऱ्यांना. बाकी कुणीही या. नेमकं हेच लोकांना खुपतं. ‘बाईकवरून येतात दहाची थाळी खायला’, ‘हातात मोबाईल आहे, गरीब कसला’, ‘कपडे बघा जरा’. आता गावाहून दवाखान्यात येणारा माणूस ठेवणीतले कपडे घालूनच येतो. बाईक डिलिव्हरीवाल्याची असते आणि तिचा हप्ता चालू असतो. मोबाईलशिवाय तर आज नाक्यावर कामाचा निरोपही येत नाही. आणि समजा आला एखादा खाऊनपिऊन सुखी माणूस, तर? बाराच्या उन्हात अर्धा तास उभं राहून 410 ग्रॅम, मर्जीची भाजी नाही, रविवारी श्रीखंड नाही. ज्याला दुसरीकडे 120 ची थाळी परवडते तो दुसऱ्या दिवशी येत नाही. रांग आणि ताट मिळून चाळणी होते. वेगळा दाखला मागायची गरज पडत नाही ती यामुळेच.

तरीही खाणाऱ्याचा फोटो काढतात. अ‍ॅपमध्ये नाव टाका, चेहरा दाखवा, मग थाळी. नेटवर्क गेलं किंवा अ‍ॅप अडकलं की रांग थांबते आणि भात आणखी गोळा होतो. बायका पदर पुढे ओढतात, म्हातारी माणसं कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून थाळीकडे बघतात, मग पुन्हा फोटो. गरीब म्हणून कुठेतरी नोंद होईल या धास्तीने परत फिरणारेही असतात. 10 रुपयांच्या जेवणाला तोंड दाखवावं लागतं, 120 च्या थाळीला कुणी नावही विचारत नाही.

फोटो कशासाठी, तर बनवेगिरी रोखायला. पण पैसा कुठून कुठे जातो ते बघा. शहरात एका थाळीचा दर 50 रुपये धरलाय, ग्रामीण भागात 35. खाणारा 10 देतो, उरलेले 40 किंवा 25 सरकार केंद्रचालकाला देतं. खाणाऱ्याने कितीही लबाडी केली तरी त्याच्या पदरात पडणार एक जादा थाळी. शहरात एक खोटी नोंद झाली तर मात्र काउंटरपलीकडे 40 रुपये पडतात, तेही चूल न पेटवता. एकाच माणसाचे दोन फोटो, फोटोचाच फोटो, रस्त्यावरून जाणाऱ्याला उभं करून काढलेला फोटो, या युक्त्या सगळ्या काउंटरच्या आतल्या बाजूच्या. म्हणून पुढे केंद्रांवर सीसीटीव्ही सक्तीचे करावे लागले. संशय मात्र अजून रांगेवरच आहे. ‘फुकटे’ हा शब्द रांगेसाठी राखीव आहे, अनुदान उचलणाऱ्यासाठी तो कुणी वापरत नाही.

चालकाला सरसकट चोर ठरवणंही चूक. ग्रामीण केंद्र दिवसाला 75 थाळ्यांचं धरा. 35 ने 2,625 रुपये. डाळ, तांदूळ, पीठ, भाजी, तेल असा किराणा थाळीमागे 20 धरला तर 1,500 गेले. दोन माणसांची मजुरी 400 प्रमाणे 800. उरले 325, त्यात गॅस, भाडं, भांडी घासायचं पाणी आणि स्वतःची मेहनत. शिवाय 2,625 पैकी रोज गल्ल्यात पडतात फक्त 750. बाकीचे बिल निघेल तेव्हा, आणि बिलं महिनोन्महिने थकतात. किराणावाला थांबत नाही. मग वरणात पाणी, भाजीत बटाटा, नाहीतर जादा फोटो, आणि तेही जमलं नाही तर कुलूप. शहरातल्या 50 च्या दरात थोडा श्वास घेता येतो. 2020 साली ठरलेले हे दोन्ही दर पुढे पाच वर्षं तेच राहिले. तूरडाळ मात्र 2020 च्या सुरुवातीला शंभरीच्या आसपास होती, ती 2024 मध्ये दीडशेच्या पुढे गेली. ताट बिघडलं त्याचं कारण इथे आहे.

1995 च्या युती सरकारची 1 रुपयातली झुणका-भाकर केंद्रं आठवत असतील. तिथेही अनुदान आटलं आणि मोक्याच्या जागेवरच्या टपऱ्या राहिल्या, आत भाकरीऐवजी दुसरंच काही तळलं जाऊ लागलं. चेन्नईत 2013 मध्ये महापालिकेने अम्मा उनवगम नावाची स्वस्त खानावळ सुरू केली, 1 रुपयाला इडली आणि 5 रुपयांना सांबार-भात. तिथे स्वयंपाक बचत गटाच्या बायका करतात आणि पालिका चालवते. थाळीमागे अनुदान उचलणारा ठेकेदार मध्ये नसल्याने प्रत्येक तोंड मोजायची निकड उरत नाही.

2020 च्या टाळेबंदीत हीच थाळी 5 रुपयांना होती आणि एप्रिल 2021 पासून काही महिने फुकट, पार्सलही मिळायचं. त्या दिवसांत रांगेतल्यांचे कपडे कुणी मोजले नाहीत.

जाणार असाल तर आधी केंद्र चालू आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी बोर्ड आहे आणि चूल नाही. सव्वाबाराच्या आत पोचा, थाळ्यांची रोजची संख्या ठरलेली असते आणि गर्दीच्या केंद्रावर एकपर्यंत ‘संपली’ ऐकू येतं. सुट्टे 10 जवळ ठेवा. तक्रार तालुक्याला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायची, मुंबईत शिधावाटप कार्यालयात. माप कमी वाटलं तर फोटो निघायच्या आधी बोला. फोटो अपलोड झाला की कागदावर तुमचं जेवण झालेलं असतं.