डॅडो सेट आला, म्हणूनच पैसे बुडाले

ऑनलाइन डॅडो सेट मागवला आणि बनावट माल गळ्यात पडला. आधीच सांगतो, "स्वस्ताच्या मागे लागलात, आता भोगा" असं ऐकवायला कुणी येऊ नका. टेबल सॉ, म्हणजे टेबलात पातं बसवलेली यांत्रिक करवत, माझ्यासाठी नवा नाही. स्टॅक्ड डॅडो सेटमध्ये, म्हणजे लाकडात रुंद खाच मारायला एकमेकांशेजारी रचून चढवायच्या पात्यांच्या संचात, काय बघायचं याची यादी माझ्याकडे तयार होती आणि विक्रीच्या त्या पानावरचा सेट यादीतल्या प्रत्येक ओळीला उतरत होता. बाहेरची दोन पाती ८ इंची, प्रत्येकी २४ दात. मधले चिपर, म्हणजे त्या दोन पात्यांमधलं लाकूड काढणारी पाती, चार-चार दातांचे. दात कार्बाइडचे आणि हुक अँगल निगेटिव्ह, म्हणजे दात किंचित मागे झुकलेले, त्यामुळे प्लायवूडची वरची व्हिनियर उचकटत नाही. सोबत शिमचा, म्हणजे खाचेची रुंदी जुळवायच्या पातळ चकत्यांचा संच, कारण १८ मिमी म्हणून विकलं जाणारं प्लायवूड मोजलं की बहुधा कमीच भरतं. वॉबल डॅडो, म्हणजे एकच पातं तिरकं बसवून डुलवायचं ते प्रकरण, मी मुद्दाम टाळलं होतं. त्याच्या खाचेचा तळ गोलसर येतो. पानावर नामांकित कंपनीचं नाव, तिचीच पेटी, तिचेच फोटो. छापील किमतीवर ६२ टक्के सूट, कारण काय, तर "गोदाम रिकामं करतोय". असली पानं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही.

पण एक ओळ होती. तपशिलाच्या तक्त्यात, अगदी खाली: "बोअर १६ मिमी".

बोअर म्हणजे पात्याचं मधलं भोक, आणि ते ज्या दांड्यावर बसतं तो आर्बर. ५/८ इंची आर्बर म्हणजे १५.८७५ मिमी. हे मला पाठ आहे. ती ओळ मी वाचली आणि मनातल्या मनात त्यांच्या वतीने दुरुस्तही करून टाकली, की कुणीतरी आकडा गोल करून लिहिला असेल. गोल केलेला नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्या पानावर खरी लिहिलेली होती! ज्या कंपनीचं नाव लावलं होतं ती चिपरच्या जाडीत केसाएवढा फरक पडू देत नाही, ती भोकाचं माप ०.१२५ मिमीने मोठं छापेल? हा प्रश्न तेव्हा का पडला नाही म्हणून आजही डोकं फिरतं. पण तेव्हा माझं लक्ष चिपरच्या दातांवर होतं. चार दातांचे चिपर दोन दातांच्या चिपरपेक्षा खाचेचा तळ स्वच्छ करतात, आणि फोटोत ते चार दात ठसठशीत दिसत होते. फोटो अस्सल मालाचा, दिसणारच.

दुसरी गोष्ट पैशांची. कार्ड घेईना. लगेच निरोप आला: "थेट बँक खात्यात भरा, आणखी ५ टक्के सूट." खातं त्या कंपनीच्या नावाचं नव्हतंच, भलत्याच ट्रेडिंग फर्मचं होतं. मी विचारलं. होय, विचारलं, डोळे मिटून भरले नाहीत. उत्तर आलं, "आमचे अधिकृत वितरक." आता कंपन्यांना वितरक असतात की नसतात? हिशेब असा: छापील किंमत १०० धरा. सौदा ३८ ला ठरला, ५ टक्के वजा जाऊन मी ३६.१० भरले. म्हणजे कार्डाचं सगळं संरक्षण मी १.९० ला विकलं. व्हिसा कार्डाच्या वादनियमांत बनावट मालासाठी १३.४ हा स्वतंत्र कोड आहे, वर्णनाशी न जुळणाऱ्या मालासाठी १३.३. कार्डाने पैसे गेले असते तर भांडायला काहीतरी हातात असतं. कार्ड "चालत नाही" म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, स्क्रूसुद्धा.

पार्सल आलं. पेटी हुबेहूब, कोरीव अक्षरंही हुबेहूब. चिपर मात्र दोन दातांचे. आर्बरवर चढवले तर हलके डुलणारे. पाती आणि चिपर भोकात ज्याचे त्याचे वेगवेगळ्या बाजूला सरकलेले. त्यातून व्हर्नियर लावला तर चिपरचा व्यास बाहेरच्या पात्यांपेक्षा ०.४ मिमीने कमी. एमडीएफच्या तुकड्यावर खाच मारली, तर दोन कडांना खोल चऱ्या आणि मध्ये उंचवटा. चांगल्या सेटमध्येही कोपऱ्यात बारीक चऱ्या राहतात, पण ही पायरीच होती.

दुसऱ्या खाचेला एक दात उडाला. डॅडो लावताना रायव्हिंग नाइफ (पात्यामागची संरक्षक पट्टी) आणि गार्ड (पात्यावरचं झाकण) काढावे लागतात, म्हणजे पातं उघडंच. दात समोरच्या भिंतीत रुतला. नंतर भिंग घेऊन बघितलं तर दात पात्याला धरून ठेवणारा खालचा डाख अर्ध्याच जागेत पोचलेला, उरलेली जागा काळी आणि कोरडी. आणि "थोडं सहन करून वापरा" असा सल्ला मला विक्रेत्याने लेखी दिला आहे.

परताव्याचं नाटकही नेहमीचंच. आधी २० टक्के घ्या आणि सेट ठेवून घ्या, म्हणजे ३६.१० मधले ७.२२. मग ३५ टक्के. पूर्ण हवे असतील तर माल परदेशातल्या पत्त्यावर स्वखर्चाने पाठवा, आणि तो खर्च मी भरलेल्या रकमेच्या वर जात होता. असल्या "अर्ध्या" परताव्याला हो म्हणू नका. त्यांच्या लेखी तो समझोता ठरतो आणि तक्रार तिथेच मिटते.

आता ज्यांच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो त्यांचं ऐका. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला, पैसे चोरीला गेलेले नाहीत. पोलिसांत गेलो, तर "वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी वाद." ग्राहक तक्रार कक्षाच्या अर्जात पहिलाच प्रश्न: वस्तू मिळाली का, होय की नाही. "होय" दाबलं की पुढचे रकाने बदलतात: सदोष, उशिरा, चुकीचा रंग. बनावट हा पर्यायच नाही! मी "सदोष" निवडलं, तर विक्रेत्याची वॉरंटी शर्त जोडा म्हणाले. वॉरंटी कुणाची, चोराची? मग कळवलं की विक्रेता आमच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे, तक्रार निकाली. निकाली! जाहिरात जिथे दिसली त्यांनी हात वर केले, कारण पैसे त्यांच्या बाहेरून गेले. ज्या कंपनीचं नाव वापरलं तिने फोटो मागवून घेतले, आभार मानले, आणि गप्प. दात उडाल्याचं प्रत्येकाला सांगितलं. एकाने विचारलं, जखम झाली का? नाही म्हटल्यावर त्याचा त्यातला रस संपला.

यातूनच मला कळलं की त्यांनी माल का पाठवला. रिकामं खोकं पाठवलं असतं तर ते सरळ फसवणुकीत अडकले असते. चार पैशांची भंगार पाती पाठवली की प्रत्येक दारावर "वस्तू मिळाली" हे उत्तर त्यांच्या बाजूने उभं राहतं. फोटोतलं आणि हातातलं यांतला फरक कळण्याइतकं डॅडोचं ज्ञान त्या टेबलांमागे कुणालाही नाही. मी चिपरच्या दातांचा फोटो दाखवला तर समोरच्याने विचारलं, "पण हे गोल तर आहे ना?"

म्हणून पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा, त्यात व्हर्नियर लावून बोअर आणि चिपरचा व्यास दिसू द्या. पानाचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधी घ्या, माझ्या तक्रारीनंतर त्यांनी तक्ता बदलला. अर्जात "सदोष" लिहू नका, "वर्णनापेक्षा वेगळी, बनावट वस्तू" हेच शब्द शेवटपर्यंत धरून ठेवा. पात्यावर कमाल आरपीएम (मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे) कोरलेला नसेल तर ते चढवूच नका. कोरलेला असला तरी तो खोटाही असू शकतो, माझ्याकडच्या पात्यांवर तो होता.

ज्यांच्याकडे असा सेट आधीच आलेला आहे, त्यांनी बाहेरची पाती तरी वापरता येतील म्हणून ठेवू नये. डाख सगळीकडे एकाच हाताने ओतलेला आहे. दात पक्कडीने ओढून बघा, माझ्याकडचे आणखी तीन तसेच निघाले. पाती आणि सुटलेले दात फेकू मात्र नका. तुमच्याकडे पुरावा म्हणून तेवढंच उरलेलं असतं.