तालुक्याचे सेवा केंद्र, बी.एस्सी.चा प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

यंदा माझ्या धाकट्या बहिणीचा बी.एस्सी. प्रथम वर्षाचा प्रवेश आणि तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, ही दोन्ही कामे आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका लहानशा आपले सरकार सेवा केंद्रातून केली. एक खोली, दोन संगणक, एक प्रिंटर आणि हे सारे एकट्याने सांभाळणाऱ्या एक ताई, एवढाच त्या केंद्राचा पसारा आहे. आमच्या घरातून पदवीच्या वर्गात जाणारी बहीण पहिलीच. मी बारावीनंतर तीन एकर कोरडवाहू शेतीत उतरलो. या केंद्राने काय चांगले केले आणि ते कुठे कमी पडले, हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की जून-जुलै महिन्यांत, ऐन पेरणीच्या दिवसांत, आमच्यासारखी कितीतरी घरे हेच कागद पिशवीत घालून तालुक्याला येतात आणि कोणत्या दारात जावे हे त्यांना सांगणारे कोणी नसते.

आधी मागचा अनुभव सांगणे भाग आहे. बहीण अकरावीला असताना आम्ही दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानातून महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीसाठीच्या राज्य शासनाच्या पोर्टलवरचा, अर्ज भरला होता. दुकानदाराने ५०० रुपये घेतले, पावती दिली नाही, युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवले आणि काम झाले असे सांगून आम्हांला घरी पाठवले. पुढे तो अर्ज त्रुटीसाठी परत आला, म्हणजे पोर्टलच्या भाषेत ‘सेंड बॅक’ झाला. परंतु पासवर्डच आमच्याजवळ नसल्यामुळे आम्हांला ते कळले नाही आणि दुरुस्तीची मुदत निघून गेली. जोडलेला उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा होता, एवढीच चूक होती. त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. बहीण त्यावर काही बोलली नाही, पण बारावीच्या वर्षी तिने अर्जाचे नावच काढले नाही, आणि ते मला आजही लागून राहिले आहे.

त्यामुळे या वेळी निकाल लागल्यावर मी धास्तावूनच या केंद्रात गेलो. ताईंनी संगणकाला हात लावण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर मांडायला लावले: शाळा सोडल्याचा दाखला, दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक. उत्पन्नाचा दाखला त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, हा ३१ मार्चला संपला. आधी नवा काढा, मग फॉर्मचं पाहू.” पटवाऱ्याचा अहवाल कसा मागायचा, तहसीलमध्ये अर्ज कुठे द्यायचा आणि पोचपावतीवरचा क्रमांक का जपायचा, हे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आहे आणि दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे, हेही मला तिथेच पहिल्यांदा कळले. मी प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायला निघालो होतो. शैक्षणिक कामासाठी लागणाऱ्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क शासनाने माफ केले असून ते साध्या कागदावर चालते, असे सांगून त्यांनी मला थांबवले. त्या ५०० रुपयांत त्यांचा काही वाटा नव्हता, तरी त्यांनी ते वाचवले, याची नोंद मला मुद्दाम करावीशी वाटते.

केंद्राच्या भिंतीवर हाताने लिहिलेल्या तीन तारखा आहेत: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. जातीचे प्रमाणपत्र काढताना ज्या तारखेपूर्वीचा पुरावा लागतो त्या या तारखा होत. आमच्याकडे वडिलांचे प्रमाणपत्र होते आणि आजोबांच्या शाळेतल्या दाखलखारीज रजिस्टरचा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा, उतारा बाबांनी जपून ठेवला होता, म्हणून बहिणीचे प्रमाणपत्र दहावीतच निघाले होते. ज्यांच्या घरी असा उतारा नाही त्यांनी तो शोधण्याचे काम बारावीच्या निकालाची वाट न पाहता सुरू करावे, असे ताई प्रत्येकाला सांगतात.

सगळ्यात अधिक वेळ गेला तो बँकेच्या खात्यात, आणि माझ्या मते या केंद्राची खरी परीक्षा तिथेच झाली. शिष्यवृत्तीची रक्कम आपण अर्जासोबत ज्या पासबुकाची प्रत देतो त्या खात्यात जाते, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे जाते आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत त्या आधारशी शेवटी जोडलेले जे खाते असेल तिथे ती जमा होते. ताईंनी आधारच्या संकेतस्थळावर बहिणीची बँक जोडणीची स्थिती उघडून दाखवली, तर तिथे आमच्या नेहमीच्या बँकेचे नाव नव्हतेच. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका शिबिरात उघडलेल्या दुसऱ्या खात्याचे नाव होते, ज्याचा आम्हांला विसर पडला होता. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक माझ्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा होता, म्हणजे ओटीपी येण्याची सोय नव्हती. आधी आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलणे, मग बँकेत जाऊन जोडणीचा फॉर्म देणे आणि नोंद बदलली की नाही हे पुन्हा तपासणे, असा क्रम त्यांनी लावून दिला. या कामात आमच्या चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या एखाद्या दुकानात अर्ज त्याच दिवशी भरून झाला असता आणि पैसे कुठे गेले ते शोधत आम्ही वर्ष काढले असते.

अर्ज भरण्याचा दिवस ताईंनी मुद्दाम बाजाराचा दिवस टाळून दिला. पोर्टलवरचे खाते बहिणीच्या नावाने, तिच्याच मोबाइलवर उघडले. पासवर्ड ठरवण्याची वेळ आली तेव्हा ताईंनी खुर्ची मागे घेतली आणि कीबोर्ड बहिणीकडे सरकवला. “पासवर्ड तुझा. मलाही सांगू नको,” एवढेच त्या म्हणाल्या. पुढची सगळी माहिती, म्हणजे वैयक्तिक तपशील, पत्ता, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृहाचा रकाना, त्यांनी टाइप केली, पण प्रत्येक पान पुढे नेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवले आणि बहिणीने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय बटण दाबले नाही. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांचे बारकोड क्रमांक दोनदा पडताळले. प्रत्येक कागद १५ ते २५६ केबीच्या मापात बसवताना अक्षरे पुसट होणार नाहीत याकडे त्यांचे लक्ष होते. पुसट कागद हेही अर्ज परत येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. महाविद्यालय आणि अभ्यासक्रम निवडताना त्या सर्वांत जास्त थांबल्या, कारण तिथे चूक झाली तर अर्ज भलत्याच महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो आणि आपण आपल्या महाविद्यालयात विचारत बसतो. बहिणीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी असल्याचे पाहून त्यांनी दोन्हीतले स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवून पाहिले. शेवटी अर्जाची प्रिंट, अर्ज क्रमांक आणि दरफलकावर लिहिलेल्या रकमेची पावती हातात दिली.

महाविद्यालयातील प्रवेश त्या मानाने लवकर आटोपला. आमचा तालुका संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, बी.एस्सी.चा प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवरच होतो, गुणवत्ता यादी लागते, मूळ टीसी जमा करावी लागते आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयासोबत इतर विषयांची निवडही प्रवेशाच्या वेळीच करावी लागते. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, असा नियम आहे. तो ताईंनी सांगितलेला असल्यामुळे मी खिडकीवर तो नम्रपणे मांडला, आणि तेवढ्यावर काम झाले. नियम ठाऊक नसता तर मी तुरीच्या पैशांतून ती रक्कम भरून मोकळा झालो असतो.

रकमेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तिच्याबद्दल गावात फार भलत्या कल्पना आहेत. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळापासून. आज तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून खर्चातील ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे. भत्त्यासाठी अभ्यासक्रमांचे गट केले आहेत आणि साधी पदवी तिसऱ्या गटात मोडते. तिथे घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये भत्ता मिळतो, आणि शुल्काचा भार वेगळा उचलला जातो. ३,००० रुपये ही शहरातल्या माणसाला किरकोळ रक्कम वाटेल. आमच्या हिशेबात ती एस.टी.च्या पासात जाते. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, पुढे महाविद्यालयात गेल्यावर ६६.६७ टक्के सवलत असली तरी उरलेले पैसे दर महिन्याला खिशातून द्यावे लागतात. मुलगी प्रवेश घेऊनही दिवाळीनंतर महाविद्यालयात दिसेनाशी होते, त्यामागे पुष्कळदा हाच खर्च असतो, हे मी माझ्या गावात पाहिले आहे.

ताईंनी आणखी एक गोष्ट स्वतःहून सांगितली. बहिणीने यवतमाळला प्रवेश घेतला आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो; तिथे भोजन, निवास आणि निर्वाहासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, अमरावतीसारख्या शहरात ५१,००० रुपये आणि नागपुरात ६०,००० रुपये मिळतात. आईची तब्येत पाहता बहिणीने घरून ये-जा करणेच पसंत केले, पण ही वाट आहे हे कळल्यावर तिने तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला.

आता उणिवा. केंद्रात बसायला दोन खुर्च्या आहेत आणि जुलैमध्ये तिथे सकाळपासून मुली आपल्या आयांना घेऊन उभ्या असतात. जवळपास स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि सकाळच्या बसने निघालेल्या बाईला संध्याकाळच्या बसपर्यंत थांबावे लागते. नंबराची चिठ्ठी देण्याची पद्धत नसल्यामुळे पुढे घुसणाऱ्याचे काम आधी होते आणि शांतपणे उभी असलेली मागे राहते. वीज गेली की काम थांबते. इन्व्हर्टर प्रिंटरचा भार घेत नाही. ताई एकट्या असल्यामुळे त्या आजारी पडल्या तेव्हा केंद्र दोन दिवस बंद होते आणि बाहेर साधी सूचनाही नव्हती. महाविद्यालयाला लागणारा एबीसी क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक ज्यात जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, आधी काढून ठेवा, हे सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले आणि त्यापायी आमची एक फेरी वाया गेली. दोष मी त्यांना बोलून दाखवले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कागदांच्या यादीत एबीसी क्रमांक लिहिलेला होता आणि दारात एक बाकडे आले होते. नंबराच्या चिठ्ठीचे अजून काही झालेले नाही.

एवढे असूनही मी माझ्या गावातल्या प्रत्येक पालकाला याच केंद्रात पाठवीन, आणि तीन जणांना आतापर्यंत पाठवलेही आहे. फक्त एक करावे: वडिलांनी किंवा भावाने एकट्याने कागद घेऊन जाऊ नये, जिचा अर्ज आहे तिला सोबत न्यावे आणि पडद्यासमोर तिलाच बसवावे. ताईंचाही तोच आग्रह असतो, आणि एकटा आलेल्या बापाला त्यांनी परत पाठवल्याचे मी पाहिले आहे.

अर्ज महाविद्यालयाच्या तपासणीतून पुढे गेला असून आता समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या लॉगिनवर आहे. बहीण दर रविवारी स्वतः मोबाइलवर स्थिती पाहते आणि तारखेसह वहीत लिहून ठेवते. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तिने पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणासाठी दोन ओळी लिहिल्या आहेत: उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिलमध्येच काढणे, आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ न देणे.