'चलते चलते' लावायचा की 'साथिया'?

रविवारी बेळगावहून कुंदा घेऊन निपाणीला दादाकडे गेलो, तर टीव्हीवर काय लावायचं यावरून घरात दोन तट. दोन्हींत राणी मुखर्जी, प्रेमविवाह आणि नंतरच्या कुरबुरी.

'चलते चलते' (२००३) हा दादाचा. शाहरुख त्यात ट्रकवाला, आणि निपाणीत तंबाखूच्या गाड्या बघत वाढलेल्यांना तो आपला वाटायलाच हवा. धंदा अडचणीत येतो, बायको पूर्वी लग्न ठरलेल्या माणसाकडून पैसे आणते, आणि नवऱ्याचा अभिमान दुखावतो. केवढा खरा प्रश्न! पण अझीझ मिर्झा त्याला हातच घालत नाहीत, नुसता आरडाओरडा. पहिला अर्धा भाग गोड, ग्रीस सुंदर; पुढे डोकं दुखतं.

शाद अलीचा 'साथिया' (२००२) हा मणिरत्नमच्या तमिळ 'अलैपायुदे'चा रिमेक. चोरून लग्न करून दोघं आपापल्या घरी राहतात. एकत्र आल्यावर भांडणं क्षुल्लक, म्हणूनच ओळखीची. रहमान-गुलजार आहेतच. अपघात तेवढा ओढूनताणून. गंमत म्हणजे शाहरुख इथं पाहुणा, तरी जास्त भावतो.

मी 'साथिया'च म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, रिमोट ह्यांच्याकडं हाय."